खोडकिड्याचं नाव कळेपर्यंत (माझा अनुभव)

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात, वेली जुन्या. ओलांडे (वेलीचे तारेवर पसरलेले जाड फाटे) वाळायला लागले म्हणून एक कापून पाहिला, तर आत पिठासारखा भुसा गच्च ठासलेला आणि त्यात पांढुरकी अळी. बाहेरून मात्र खोडाला भोक म्हणून नाही. दुकानदार म्हणाला, "भोकात औषध सोडा." भोक असेल तर ना! बागेतला दुसरा खोडकिडा, सेलोस्टर्ना, भुसा बाहेर फेकतो, म्हणून तो सापडतो. हा निराळा वाटला, म्हणून तपासून घ्यायचं ठरवलं.

एका सरकारी कार्यालयात नमुना नेला. साहेबांनी डबी उघडलीसुद्धा नाही. "अळीवरून सांगता येत नाही, भुंगेरा आणा." ऐन उन्हाळ्यात भुंगेरा आणू कुठून? तो पडतो पावसाळ्यात बाहेर, तोही रात्री. बरं, फॉर्म तरी घ्या म्हटलं. तर 'प्रादुर्भाव सुरू झाल्याची तारीख' नाही म्हणून परत. अळी महिनोन्महिने लाकडात दडून बसते, मला काय पत्र टाकून आली होती? पुढच्या खेपेला 'किडीचे नाव' हा रकाना रिकामा म्हणून परत. अहो, नाव कळावं म्हणूनच तर आलोय! आजही आठवलं की डोकं फिरतं.

शेवटी पावसाळा लागल्यावर बागेत बल्ब टांगला, खाली पाण्याचं घमेलं. तपकिरी, दोन-अडीच सेंटीमीटरचे भुंगेरे आले. नराच्या मिशा अंगापेक्षा लांब. (डबीत टिश्यू पेपर घाला, मिशा पटकन तुटतात.) मग ओळख लगेच पटली: स्ट्रोमॅशियम बार्बेटम. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने 1775 मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलंय. त्याचा एक भाऊबंद भूमध्य समुद्राकडे घरांतलं फर्निचर पोखरतो.

आपल्याकडचाही वाळक्या लाकडात जगतो, कधी कधी कित्येक वर्षं. म्हणून छाटलेली खोडं बांधावर सरपण म्हणून रचू नका, पावसाआधी जाळून टाका. मादी सुटलेल्या सालीखाली, फटीत अंडी घालते, तेव्हा पावसाआधीच ती साल खरवडून काढा. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं.

आणि फॉर्ममधला नावाचा रकाना रिकामा सोडू नका. 'अज्ञात खोडकिडा' लिहा, चालतं.