गरम झाली की रुसते: स्पीड सेन्सर बदलला

माझी गाडी सकाळी शहाण्यासारखी चालते आणि वीस मिनिटांनी रुसते. बडोद्यातल्या दांडिया बाजारातून मकरपुऱ्यापर्यंत सगळं ठीक. परतताना स्पीडचा काटा शून्यावर आणि गाडी तिसऱ्या गिअरला चिकटलेली. सिग्नल सुटला की रिक्षासुद्धा पुढे! 1997 ची दोन दारांची, चार गिअरची ऑटोमॅटिक. म्हणून दोघा मिस्त्रींनी एकच सांगितलं: गिअरबॉक्स उतरवा. स्कॅनर मात्र पी 0720 हा बिघाडाचा कोड दाखवत होता, म्हणजे आउटपुट शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या) स्पीड सेन्सरचं सर्किट. या गाडीत काटाही त्याच सेन्सरवर चालतो.

रविवारी पहाटे साडेपाचलाच सुरुवात केली. मे महिन्यात नऊनंतर बडोद्यात पत्र्याखाली आडवं पडवत नाही. गाडी स्टँडवर, चाकांना विटा. बोल्ट एकच, तो मुकाट्याने सुटला. सेन्सर कसला सुटतोय! त्याची ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारं रबरी कडं, कडक होऊन भोकात बसलेली. गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबलो, मग पेचकसाने न उचकटता डावी-उजवीकडे फिरवत राहिलो. प्लास्टिकचा कान तुटला, पण बाहेर आला. मागोमाग ओघळलेलं लाल तेल श्रीखंडाच्या डब्यात धरलं.

टोकाच्या चुंबकावर काजळासारखा थर होता. बोटांत चोळला, कचकच नाही. धातूचा किस निघाला असता तर मिस्त्री बरोबर ठरले असते.

दोन तारांचा सेन्सर म्हणजे आत चुंबक आणि तारेचं वेटोळं. मीटर लावला तर 570 ओहम, अगदी ठणठणीत. मग बायकोचा हेअर ड्रायर आणला. आकडा हळूहळू 640 पर्यंत चढला आणि पटकन गायब, म्हणजे आत तारेचा जोड सुटला! गार झाल्यावर पुन्हा जुळलं. भिंतीवरून शेजारचे काका म्हणाले, "सेन्सरना वाळ सूकवे छे?" (सेन्सरचे केस वाळवतोस का?)

नव्याचे 585 भरले. तोही ड्रायरखाली धरला, आकडा चढला पण टिकला. ओ-रिंगला गिअरबॉक्सचंच तेल लावून हाताने दाबला, बोल्ट 8 न्यूटन-मीटर. खाली जादा वॉशर घालू नका. आत फिरणाऱ्या चक्राच्या दात्यांपासूनचं अंतर वाढतं आणि सिग्नल मरतो. कनेक्टरची कडी आधीच तुटलेली होती, तिथे तूर्त केबल टाय.

कोड पुसून हालोल रोडला पन्नास मिनिटं फिरवली, एसी लावून, मुद्दाम दुपारी. काटा एकदाही पडला नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मात्र अजून हलका झटका बसतो. पुढच्या रविवारी गिअरबॉक्सचं तेल बदलतो.