तिरका छेद

शनिवारी दुपारी आमच्या एमआरआय विभागात शेवटची केस म्हणून काका आले. साठीच्या आसपासचे, पुरंदरकडचे. शौचातून रक्त जातं म्हणून कित्येक महिने मूळव्याधीची औषधं चालू होती. बोट घालून तपासायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. हे इतकं सर्रास दिसतं की आता चिडायचाही कंटाळा येतो.

पुढे कोलोनोस्कोपी झाली, बायोप्सीत कॅन्सर निघाला आणि एका सेंटरवर एमआरआय झाला. रिपोर्टात होतं: गाठ फॅशियाला भिडली आहे. आमच्या सर्जनना मात्र बोटाला गाठ हलती लागत होती. "मॅडम, एकदा तुम्ही बघा. मला हे पटत नाही."

फॅशिया म्हणजे गुदाशयाभोवतीच्या चरबीवरचं पातळ आवरण. १९८२ मध्ये इंग्लंडच्या बिल हील्ड यांनी मांडलेल्या पद्धतीत सर्जन या आवरणाबाहेरून, चरबीसकट सगळा भाग अखंड काढतो. गाठ आवरणापासून १ मिलिमीटरवर किंवा त्याहून जवळ असेल, तर कॅन्सर मागे राहायची भीती. मग आधी किमो-रेडिएशन. म्हणजे त्या एका वाक्यावर काकांचे पुढचे सहा महिने ठरणार होते.

सीडी लावली. ॲक्सिअल, म्हणजे आडवे छेद ५ मिलिमीटर जाड, आणि सगळे टेबलाला सरळ काटकोनात. गुदाशय काही सरळ नळी नाही, सेक्रमच्या, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडाच्या बाकाबरोबर तो वळत जातो. काकडी तिरकी चिरली की चकती लांबट येते, तसं झालं होतं: आतड्याची भिंत तिरकी कापली जाऊन तिची कडा चरबीत पुसट पसरली होती. ती पसरट सावली गाठ म्हणून वाचली गेली. वर कॉन्ट्रास्टचं इंजेक्शनही दिलं होतं. या तपासात ते लागत नाही. काकांच्या मुलाचे पैसे मात्र गेले.

पुन्हा स्कॅन करायचं ठरलं. आतड्याची हालचाल थांबावी म्हणून ब्युस्कोपॅन दिलं, आधी सॅजिटल, म्हणजे बाजूने दिसणारा उभा छेद घेतला. "गाठीला काटकोन कर. ३ मिलिमीटर, टी-टू, फॅट सॅट नको." म्हणजे टी-टू प्रकारची चित्रं, आणि चरबी दाबून काळी न करता. टेक्निशियनने स्क्रीनवरच्या रेघांचा पट्टा फिरवला.

"एवढा तिरका, मॅडम?"

"अजून थोडा."

आता भिंतीतल्या स्नायूची काळी रेघ एका जागी तुटलेली स्वच्छ दिसली. तिथून करडी गाठ ३ मिलिमीटर बाहेर, मग पांढरी चरबी, मग फॅशियाची बारीक रेघ. मधलं अंतर ७ मिलिमीटर. टी-थ्री बी, म्हणजे भिंतीबाहेर थोडीच गेलेली गाठ. शिरांमध्ये काही शिरलेलं नाही, संशयास्पद लिम्फ नोड नाही.

बाहेर काकांचा एकच प्रश्न, पोटावर लावायच्या शौचाच्या पिशवीबद्दल: "पिशवी लागंल का ओ?" गाठ वर आहे, शौच रोखणारा खालचा स्नायू मोकळा आहे, पण लागलीच तर तात्पुरती लागेल आणि ते सर्जन सांगतील, एवढंच म्हटलं.

ट्यूमर बोर्डात, म्हणजे कॅन्सरच्या सगळ्या डॉक्टरांच्या बैठकीत, रेडिएशनवाल्या सहकाऱ्यांनी दोन्ही चित्रं शेजारी लावायला सांगितली. वाद झाला, पण लांबला नाही. थेट ऑपरेशन ठरलं. पॅथॉलॉजीत काढलेल्या भागाची कडा कॅन्सरपासून मोकळी निघाली. पिशवी लावावी लागली, काही महिन्यांनी निघाली.

आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर अजूनही नुसतं "एमआरआय पेल्व्हिस" लिहिलेलं असतं. रेक्टमची (गुदाशयाची) गाठ आहे आणि ती गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर आहे, एवढं लिहिलं तरी छेद कुठे आणि कसे घ्यायचे हे टेक्निशियनला आधीच कळेल.