बारा बाय बारा

सोयाबीन महिन्याचं झालं होतं. देठांवर चक्रीभुंग्यानं पाडलेल्या दोन-दोन गोल रेघा दिसायला लागल्या होत्या, आणि आठ-नऊ दिवसांची झड त्या सकाळी कुठं उघडली होती. ह्यांनी नवा बॅटरीचा पंप पाठीवर घेतला. पहिल्या आठ टाक्या झकास गेल्या. नवव्या टाकीला फवारा दबला, दहाव्या टाकीत नोझलमधून नुसतं पाणी गळायला लागलं. तीन एकरांपैकी एक एकर कसंबसं झालं. ड्रममध्ये औषध कालवून ठेवलेलं, आभाळ पुन्हा भरून आलेलं, आणि पंप बंद.

मामा, म्हणजे माझे सासरे, बांधावरून बघत होते. ते एवढंच म्हणाले, "सेलूच्या दुकानातून आणला असता तर आत्ता नेऊन त्याच्या काउंटरवर ठेवला असता. आता कोणाच्या दारात जायलीस?"

पंप मीच मोबाइलच्या अॅपवरून मागवला होता. त्यामुळं ते बोलणं मला लागलं, आणि पुढचा दीड महिना मी ज्या चिकाटीनं या मागं लागले ती त्या एका वाक्यामुळं. ते सगळं इथं लिहून ठेवते, कारण आमच्या गावात आता आठवड्याला तीस-चाळीस खोकी येतात आणि फसलेला माणूस दोन दिवस चिडून गप्प बसतो.

पंपाची भाषा आमच्याकडं साधी आहे. बारा बाय आठ म्हणजे १२ व्होल्टची ८ अँपिअर-तासाची (एएच) बॅटरी, बारा बाय बारा म्हणजे १२ अँपिअर-तासाची. मोटर साधारण तीन अँपिअर ओढते असं धरलं तर आठची बॅटरी अडीच-पावणेतीन तास चालते आणि बाराची चार तास. एका टाकीला पंधरा मिनिटं धरा, म्हणजे फरक लगेच कळतो. अॅपवर लिहिलं होतं बारा बाय बारा, १८ लिटर, एका चार्जिंगवर २० टाक्या. किंमत २,६४० रुपये, पैसे घरी आल्यावर. सेलूच्या बाजारात तसाच पंप ३,१०० ला होता.

पंप आला ८ जुलैला. परत करायची मुदत सात दिवसांची. आणि ते सातही दिवस पाऊस. पावसात फवारणी कोण करतं? आम्ही पंप चार्ज केला, पाणी भरून अंगणात दोन मिनिटं चालवून बघितला आणि झाकून ठेवला. १७ तारखेला शेतात नेला तेव्हा अॅपमधलं परत करायचं बटण गेलेलं होतं.

पहिले तीन दिवस मी वाया घालवले. चॅटवर जाऊन लिहायची, "पंप खराब आहे, टिकत नाही, पैसे परत द्या." पलीकडून तेच उत्तर, "मुदत संपली आहे, वस्तू वापरलेली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." मी जास्त चिडून लिहायची, ते जास्त गोड होऊन नाही म्हणायचे. माझं चुकत कुठं होतं ते चौथ्या दिवशी कळलं, सेलूतल्या मोटर रिवायंडिंगवाल्या काकांच्या दुकानात.

काकांनी पंप उलटा केला, बुडाचे चार स्क्रू काढले आणि झाकण बाजूला सारलं. आत काळी बॅटरी. तिच्या अंगावर छापलेलं होतं १२ व्होल्ट, ८ एएच. पंपाच्या बाहेर मात्र टाकीवर पिवळं स्टिकर, बारा बाय बारा. काका म्हणाले, "माय, पंप खराब नाही. पंप दुसराच आहे." त्यांनी बॅटरी सोडवून शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली, २ किलो ४०० ग्रॅम भरली. मग दुकानातली बाराची बॅटरी ठेवली, ती साडेतीन किलोच्या वर गेली.

तिथंच मला धागा सापडला. पंप चांगला की वाईट यावर हुज्जत घालायची नाही. ती हुज्जत कधी संपत नाही, कारण ते म्हणणार तुम्ही नीट चार्ज केला नाही, पाण्यात टाकला, आपटला. पण बारा लिहून आठ पाठवली यात मत कोणाचं नाही. आकडा आहे, तो कोणीही वाचू शकतो. मी काकांना झाकण परत बसवायला लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोबाइलवर व्हिडिओ घेतला, मधे कुठंही न थांबवता: आधी खोक्यावरचं पत्त्याचं लेबल, मग बाहेरचं स्टिकर, मग चार स्क्रू, मग बॅटरीवरचा आकडा. शिवाय एक फोटो, ज्यात स्टिकर आणि बॅटरी दोन्ही एकाच चौकटीत येतात.

घरी येऊन अॅप उघडलं तर विक्रेत्यानं पान बदललेलं. आता तिथं "पॉवरफुल बॅटरी" एवढंच होतं, आकडा गायब. माझ्याकडं जुन्या पानाचा स्क्रीनशॉट नव्हता. त्या रात्री मला खरंच रडू आलं. मग सहज ऑर्डरमध्ये जाऊन बिल डाउनलोड केलं. जीएसटीचं बिल. त्यावर वस्तूचं नाव पूर्ण छापलेलं असतं, विकताना पानावर जसं होतं तसं. दीड ओळीचं लांबलचक नाव, आणि त्यात बारा व्होल्ट, बारा एएच. पान त्यांना बदलता आलं, माझं बिल नाही. तेव्हापासून मी घरातल्या प्रत्येक खरेदीचं बिल आल्या दिवशी उतरवून घेते.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, आणि त्याखाली जुलै २०२० मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी वेगळे नियम आले. त्यात सरळ लिहिलं आहे की वस्तू सदोष असेल, किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. अॅपची सात दिवसांची मुदत ही त्यांची सोय. आवडलं नाही, माप बसलं नाही यासाठी ती ठीक आहे. लिहिलं एक आणि दिलं दुसरं, यावर ती मुदत पुढं करता येऊ नये, एवढं मला त्या नियमावरून समजलं. त्याच नियमांप्रमाणं प्रत्येक अॅपला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. हे नाव साइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात असतं. मी शोधलं आणि मेल लिहिला. तो असा:

"माझ्या ऑर्डरच्या बिलावर वस्तूचं वर्णन १२ व्होल्ट १२ एएच असं आहे. आलेल्या पंपात १२ व्होल्ट ८ एएच बॅटरी आहे. बिल, फोटो आणि व्हिडिओ सोबत जोडले आहेत. मी पंप एक दिवस शेतात वापरला आहे. पंप उघडल्याशिवाय बॅटरीची क्षमता दिसत नाही, म्हणून हा फरक आधी कळणं शक्य नव्हतं. पूर्ण रक्कम परत करावी आणि पंप आपल्या खर्चानं परत न्यावा."

एवढंच. "तुम्ही चोर आहात" हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. वापरल्याचं मात्र लपवलं नाही. भाऊजी म्हणत होते, "वहिनी, वापरला म्हणून कशाला सांगायल्या?" पण टाकीत औषधाचा वास होता, पट्ट्यावर चिखल होता. एक खोटं सापडलं असतं तर खरे आकडेही खोटे पडले असते. आणि वापरून फेकलेल्या वस्तू नव्या म्हणून परत पाठवणारे लोक आहेत, त्यांच्यामुळंच तर आपल्यासारख्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

पोच दुसऱ्या दिवशी आली. सहाव्या दिवशी उत्तर आलं: ५०० रुपयांचं कूपन. मी एका ओळीत नाही म्हणून कळवलं आणि १९१५ ला फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. त्यांनी तक्रार नोंदवून क्रमांक दिला आणि ती कंपनीकडं पाठवली. हेल्पलाइनला हुकूम काढायचा अधिकार नाही, ती मधे पडून बोलणी करून देते. पण त्या क्रमांकानंतर उत्तर देणारा माणूस बदलला, हे मी अनुभवानं सांगते.

मग विक्रेत्यानं नवंच काढलं. म्हणे पंप शेतीसाठी, म्हणजे धंद्यासाठी घेतला, म्हणून तुम्ही ग्राहक नाही. हे वाचून मला जितका राग आला तितका बॅटरी बघूनही आला नव्हता. तीन एकर कोरडवाहू, त्यात राबणारे आम्ही दोघं आणि मामा, आणि हा धंदा! कायद्यातच स्पष्टीकरण आहे: स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली असं धरत नाहीत. आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाविरुद्धच्या आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, असं सांगितलेलं आहे. मी दोन्ही गोष्टी लिहून एक साधी नोटीस तयार केली आणि स्पीड पोस्टानं पाठवली, एक बिलावरच्या विक्रेत्याच्या पत्त्यावर, एक अॅपच्या कार्यालयात. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन, असं शेवटी.

ती धमकी नव्हती, मी तयारी केली होती. पूर्वीच्या कायद्यात समोरच्याचं ठिकाण असेल किंवा तक्रारीचं कारण घडलं असेल तिथंच जावं लागायचं. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि जानेवारी २०२५ पासून ई-जागृती नावाच्या पोर्टलवर घरबसल्या अर्ज भरता येतो. मी तिथं खातंसुद्धा उघडून ठेवलं होतं.

अकराव्या दिवशी फोन आला, पूर्ण पैसे देतो. आमच्या पिनकोडला परत न्यायची सोय नाही, तुम्हीच पाठवा, म्हणाले. मी म्हटलं पाठवते, पण पाठवायचा खर्च देणार हे मेलवर लिहा. लिहिलं. टाकी तीन वेळा धुतली, पंप खोक्यात बांधला, ह्यांनी मोटारसायकलवर सेलूला नेला. २९ ऑगस्टला खात्यात २,६४० आणि पार्सलचे पैसे जमा झाले. ते दोन एकर फवारायला शेजाऱ्याचा पंप दोन दिवस भाड्यानं घ्यावा लागला होता, त्याचे ६०० रुपये मी मागितले होते, ते मिळाले नाहीत. भुंग्यानं किती खाल्लं ते मला सिद्ध करता येत नव्हतं, ते मी मागितलंही नाही.

या सगळ्यात दोन गोष्टी मनाला लागून राहिल्या. एक, खोकं आणणारा पोरगा. शेजारच्या गावचा, बारावी झालेला, पावसात मोटारसायकलवर फिरतो. भाऊजी त्याच्यावर ओरडले, गल्लीतले दोघं-तिघं जमले. त्या पोराला खोक्यात काय आहे हेही माहीत नसतं. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा मी त्याला चहा दिला, पण तो खाली मान घालूनच प्यायला.

दुसरी गोष्ट भीतीची. पहिल्या दिवशी भाऊजींनी गुगलवर कंपनीचा नंबर शोधून फोन लावला होता. पलीकडचा माणूस फार आपुलकीनं बोलला, पैसे लगेच देतो म्हणाला, एक अॅप घ्या आणि स्क्रीन दाखवा म्हणाला. मी फोन हिसकावून घेतला. नंबर फक्त अॅपच्या आतूनच घ्यायचा, हे मी त्या दिवशी घरात सगळ्यांना बजावलं. आणि कोणाचे पैसे गेलेच तर त्याच घडीला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही.

पैसे आल्याचं गावात कळलं तसं लोक खोकी घेऊन यायला लागले. जाऊबाई साडी घेऊन आल्या. फोटोत झगझगीत रेशीम, हातात सरसर घसरणारा सिंथेटिक कपडा. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं हिचेही पैसे मिळवूनच द्यायचे. आधी बिल काढलं. त्यावर छापलं होतं "आर्ट सिल्क". आर्ट म्हणजे कला नव्हे, आर्टिफिशियल. नकली रेशीम, सरळ लिहिलेलं. जाऊबाईंना हे सांगताना मला वाईट वाटलं. पान बघितलं तर तिथंही तेच, फक्त बारीक अक्षरात आणि फोटोच्या खूप खाली. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या धाग्यावर माझं काम झालं तो इथं नव्हता, तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. परत करायच्या मुदतीचे दोन दिवस शिल्लक होते, आवडली नाही म्हणून त्याच संध्याकाळी परत टाकली.

सप्टेंबरात मी आणि मामा सेलूला जाऊन पंप आणला. दुकानदार पैसे मोजायला लागला, तर मामांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "थांब भाऊ, आधी बूड उघड." त्यानं पेचकस घेतलं. मामांना लहान अक्षर दिसत नाही, त्यांनी बॅटरी माझ्यापुढं केली. मी वाचलं, बारा.