तुम्ही विचारलंत म्हणून: पिक्चरआधीची ती आगगाडी

"पिक्चरच्या आधी ते आवाजाचे लोगो येतात ना, डॉल्बीबिल्बीचे, ते बघायला तू थिएटरात जातोस म्हणे. खरं काय?" हे मला लग्नाच्या पंगतीत विचारलंय, मयताच्या घरी विचारलंय, आणि एकदा दाताच्या डॉक्टरांनी विचारलंय, तेही त्यांचं यंत्र माझ्या तोंडात असताना. आजवर मी "आवड आपली" म्हणून सुटत आलो. आता एकदाच काय ते सांगून टाकतो. (विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीशी माझा काडीचा संबंध नाही. त्या तक्रारी माझ्याकडे आणू नका.)

तर, खरं आहे. कोल्हापूरला किंवा गोव्यात नवं मल्टिप्लेक्स उघडलं की कुठला पिक्चर लागलाय हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, लोगो लावता का. घरी डीव्हीडींनी भरलेला एक खण आहे आणि त्यातल्या बऱ्याच डिस्कवरचा पिक्चर मी कधी पुरा बघितलेला नाही. ह्यावर किती पैसे गेले ते विचारू नका, बायको हे वाचणार आहे.

तुमचं म्हणणं, ती जाहिरातच की. अहो, आहेच जाहिरात. पण दशावतारात आख्यान सुरू व्हायच्या आधी गणपती येतो, संकासुर येऊन धिंगाणा घालून जातो, तेव्हा तुमच्यातला कुणी उठून म्हणत नाही की हे कापा आणि एकदम राजा आणा. रात्र सुरू झाली हे कळायला काहीतरी लागतं.

आणि सगळे लोगो एका माळेचे मणी नाहीत, हेही एकदा ऐकून घ्या. टीएचएक्स हा आवाजाचा फॉरमॅटच नव्हे. 'स्टार वॉर्स'वाल्या ल्युकासफिल्म कंपनीनं १९८३ साली काढलेली ती थिएटरची परीक्षा. हॉलमध्ये बाहेरची कटकट किती ऐकू येते, आवाज घुमतो किती, पडद्यावर उजेड किती पडतो, स्पीकर कुठले, हे सगळं तपासायचे. पास झालेल्या हॉलला तो लोगो. त्याचा तो अंगावर काटा आणणारा आवाज, 'डीप नोट', जेम्स मूरर ह्या माणसानं कॉम्प्युटरवर बांधला. तीस स्वर २०० ते ४०० हर्ट्झच्या मधल्या पट्ट्यात गोंधळ घालत सुरू होतात, सरकत सरकत वरखाली पसरतात आणि शेवटी एका प्रचंड स्वरमेळात येऊन बसतात. तो गोंधळ प्रोग्रॅमनं स्वैर निवडलेल्या आकड्यांवर चालायचा, त्यामुळे दर वेळी निराळाच निघायचा. पहिल्यासारखाच पुन्हा काढून द्या म्हटल्यावर खुद्द मूररला तो जमेना. लोकांनी तो पहिल्यांदा ऐकला २५ मे १९८३ ला, 'रिटर्न ऑफ द जेडाय'च्या आधी. २०१५ साली मूररनंच तो नव्यानं बांधून दिला.

डॉल्बी डिजिटलचा लोगो हॉलबद्दल बोलत नाही, प्रिंटबद्दल, म्हणजे थिएटरात येणाऱ्या फिल्मच्या रिळांबद्दल बोलतो. ह्या फिल्मवर असा असा आवाज छापलेला आहे, एवढंच त्याचं म्हणणं. तुमच्या हॉलला तो वाचता येतो की नाही, हा त्याचा विषय नाही. हा फरक मी पुन्हा सांगणार आहे, कारण माझ्या बापाची कॉलर ह्याच फरकात अडकली होती.

बाबा गावातल्या थिएटरात ऑपरेटर होते, मशीनवर पिक्चर चालवायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. थिएटर कुठलं तेही, आणि आता तिथे काय उभं आहे तेही. त्यामुळे ते सोडतो. प्रिंटची पेटी कोल्हापूरहून फोंडाघाट उतरून एसटीनं यायची. पेटी आली की मी शाळेतून थेट केबिनमध्ये. बाबा रीळ तपासायला बसायचे आणि जुनी-फाटकी पट्टी हाती लागली की मला भिंगातून दाखवायचे. चित्राच्या बाजूला एक नागमोडी रेघ असायची. तो साधा आवाज. मशीनमधल्या एक्सायटर लॅम्पचा उजेड तिच्यातून पलीकडच्या, उजेडाची वीज करणाऱ्या सेलवर पडला की आमच्या पडद्यामागचा एकुलता एक भोंगा बोलायचा. पण नव्या प्रिंटवर आणखीही काय काय असायचं. भोकांच्या मधल्या जागेत ठिपक्यांचे बारीक चौकोन, हे डॉल्बी डिजिटल, १९९२ चं. एका फ्रेमला चार भोकं, सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे सेकंदाला शहाण्णव चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाच्या मधोमध कंपनीची ती जोडीची डी. पुढच्याच वर्षी डीटीएस ही दुसऱ्या कंपनीची पद्धत आली. त्याचा आवाज फिल्मवर नसायचाच, तो निराळ्या सीडीवर. फिल्मवर नुसती तुटक रेघ, सीडीनं पावलाला पाऊल लावून चालावं म्हणून. सोनीचं एसडीडीएसही त्याच वर्षीचं, ते पार दोन्ही कडांना. म्हणजे सहा-सात दिशांनी येणारा आवाज मी चौथी-पाचवीत असताना डोळ्यांनी बघितलेला होता. ऐकलेला नव्हता, आणि आमच्या गावात ऐकू येणारही नव्हता.

बाबा म्हणायचे, "आवाज पट्टीर आसा. आमच्या मशीनीक तो वाचूचो डोळो नाय."

आता १९९८ चा गणपती. कोकण रेल्वे त्याच वर्षी २६ जानेवारीला सगळ्या मार्गावर सुरू झालेली, त्यामुळे रोह्याच्या पुढे (कोकण रेल्वे तिथूनच सुरू होते) गाडीनं येणारे चाकरमानी आमच्याकडे थव्यांनी उतरले. मालकांनी मोका बघितला. मोठा पिक्चर आणला, बोर्डावर रंगवून घेतलं 'डॉल्बी डिजिटल', आणि तिकीट दोन रुपयांनी वाढवलं. हॉलमध्ये एका तारेचाही बदल नाही. बाबांनी विचारलं तेव्हा मालक म्हणाले, प्रिंटार लिवलेला आसा ना, मग?

रात्रीचा खेळ हाउसफुल. वर पत्र्यावर पाऊस. मी केबिनच्या खिडकीला नाक लावून. जाहिराती संपल्या आणि डॉल्बीची ती आगगाडी आली. तुम्ही शहरात बघितली असेल. अंधारातून इंजिन येतं, वाफ, धडधड, आणि गाडी हॉलच्या अंगावरून जाते. ज्यांनी मुंबईत ऐकली होती ते खुर्चीत सावरून बसले, मला वरून दिसत होतं. आमच्याकडे ती गाडी पडद्यामागे जागच्या जागी खोकत राहिली. पावसात तेवढंही नीट ऐकू येईना.

पुढच्या रांगेतून एकजण ओरडला, "अरे, गाडी रोह्यालाच बंद पडली!"

हॉल हसला. मी पण हसलो, वाक्यच तसं होतं. बाबा हसले नाहीत. ते मशीनच्या दिव्यातले जळते कार्बन बघत होते, दुसऱ्या मशीनवर रीळ चढलेलं होतं. मग शिट्ट्या, मग खुर्च्या आपटणं, मग "डॉल्बी खंय आसा रे?" आणि मग जिन्यावर पावलं. आठ-दहा जण असतील. केबिनचा दरवाजा बाबा कधीच लावत नसत, आत गरम व्हायचं. एकानं त्यांची कॉलर धरली. बाबांच्या हातात रीळ होतं, ते त्यांनी खाली ठेवलं नाही. ते तेच म्हणाले जे मला म्हणायचे, आवाज पट्टीर आसा, मशीनीक डोळो नाय. दुसरा म्हणाला, "डोळो नाय तर दोन रुपये कसले घेतलास?" प्रश्न बरोबर होता. फक्त भलत्या माणसाला विचारला होता.

गडबड ऐकून मालक वर आले. मला वाटलं आता ते सांगतील. ते दारात उभे राहिले, आत पाऊलसुद्धा न टाकता, आणि म्हणाले, "मशीन नीट लावूक येणा नाय तेका. मी काय करू?"

एवढंच. मारामारी वगैरे झाली नाही. लोक शिव्या देत खाली गेले, बाबांनी चेंजओव्हर, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर जाणं, वेळेवर केला, पिक्चर पुरा झाला. गर्दीतल्या एकाची आई दुसऱ्या दिवशी आमच्या घरी मोदक घेऊन आली, तिला काहीच माहीत नव्हतं. आईनं ते घेतले. बाबांनी खाल्ले.

पण पुढच्या खेळापासून बाबा तो लोगो कापायला लागले. प्रत्येक प्रिंट आली की पहिल्या रिळातून तेवढा तुकडा बाहेर, डब्यात. प्रिंट परत जाताना पुन्हा जोडून द्यायचा, कारण ती वितरकाची. अनेकदा काढून-जोडून कडेची एखादी फ्रेम फाटायची, ती माझी. माझ्याकडे त्या फ्रेम अजून आहेत. संग्रह म्हणता तो तिथून सुरू झाला. थिएटर बंद होईपर्यंत आमच्या गावात कुणी परत ती गाडी बघितली नाही आणि ती का येत नाही असंही कुणी विचारलं नाही.

कॉलेजात असताना मी छातीठोक सांगायचो की हे लोगो म्हणजे छोट्या गावांची फसवणूक आहे. जे मिळणारच नाही ते आधी दाखवायचं आणि मग पिक्चर भर भोंग्यातून. त्या पोराशी मी हल्ली भांडतो. अरे, लोगो खोटं काय बोलला? तो प्रिंटबद्दल बोलत होता आणि प्रिंट खरी होती, भिंगातून तूच बघितलीस. खोटा होता तो बोर्ड. ह्यावर तो पोरगा म्हणतो, मग ती गाडी हॉलच्या अंगावरून न्यायची कशाला? प्रिंटबद्दल बोलायचं तर पाटी लावायची. गाडी आणली ती हॉल कसा आहे हे दाखवायलाच ना? आणि आमचा हॉल कसा होता, ते तिनं अख्ख्या गावासमोर दाखवलं. त्याचंही खोटं नाही. गेली कित्येक वर्षं आमचं दोघांचं इथेच अडलंय.

पुढे हे लोगो घरी आले. व्हीसीडीच्या दोन डिस्कमध्ये कसाबसा कोंबलेला पिक्चर असायचा, तिथे आवाज दोनच बाजूंनी. डीव्हीडीवर सहा चॅनल आले आणि आगगाडीही आली. पण ती आता डिस्कबद्दल बोलायला लागली. टीएचएक्सनंही तेच केलं. डिस्कवरचा त्याचा शिक्का तुमच्या हॉलचा नव्हे, पिक्चर डिस्कवर उतरवला कसा त्याचा. आणि घराघरांत टीव्हीला दोन बारके स्पीकर. म्हणजे प्रत्येक घर आमचं थिएटर झालं, फक्त कॉलर धरायला कोणी नव्हतं.

पगार सुरू झाल्यावर मी हप्त्यावर रिसीव्हर (आवाज स्पीकरांत वाटून देणारं यंत्र) आणि पाच स्पीकर घेतले, जमिनीवरचा वूफर घेतला, माजघरात मांडले. बाबांना मधोमध बसवलं आणि गाडी सोडली. ती खरोखरच गेली. डाव्या खांबाकडून आली, आमच्या अंगावरून मागच्या दारानं बाहेर. बाबांनी मान वळवून दाराकडे बघितलं, क्षणभर तसेच राहिले, आणि उठून पडवीत गेले. परत आले नाहीत.

बरीच वर्षं मी समजत होतो की त्यांना तो जिना आठवला. केबिनमधल्या माणसाला मागून आवाज आला की अंगावर येणारच. माझा भाऊ म्हणतो, काही नाही, त्यांना लघवीला जायचं होतं आणि तू उगाच पिक्चर करतोयस. मी त्यांना विचारलं नाही. विचारायला आता ते नाहीत.

हल्लीचं सांगायचं तर फिल्मच उरली नाही. थिएटरात हार्ड डिस्क येते किंवा पिक्चर सॅटेलाइटवरून उतरतो, आणि लोगो ही सर्व्हरच्या यादीतली एक फाइल. ती लावायची की नाही ते हॉल ठरवतो, म्हणून आता ती हॉलबद्दलच बोलते. डॉल्बीच्या २०१२ साली आलेल्या अ‍ॅटमॉसचा लोगो लागला तर डोक्यावरचे स्पीकर खरंच आहेत असं धरून चालायला हरकत नाही. आवाजाच्या १२८ निरनिराळ्या वाटा आणि ६४ पर्यंत स्पीकर, एवढी त्याची झेप. पण बरेच मॅनेजर तो लावतच नाहीत, तेवढ्या वेळात एक दागिन्यांची जाहिरात बसते. आणि घरी? ओटीटीवर पिक्चरच्या नावाशेजारी एक चिमुकली खूण. बऱ्याच अ‍ॅपवर ती तुमच्या यंत्राला तो आवाज वाजवता येत असेल तरच उमटते, नाहीतर नाही. इतका प्रामाणिक लोगो आजवर निघाला नव्हता. आमच्या हॉलमध्ये १९९८ ला हे असतं तर पडदा कोरा राहिला असता आणि बाबा घरी येऊन जेवले असते. फक्त ती खूण मुकी आहे. तिच्यात ना गाडी, ना तीस स्वर. मग मला हायसं वाटायला हवं, आणि मला ती बघून राग येतो. का, ते धड सांगता येत नाही, तुम्ही कितीही विचारलंत तरी.

बाकी, खाऱ्या हवेनं रिसीव्हरचा मागचा डावा चॅनल गेलाय. कोल्हापूरचा दुरुस्तीवाला म्हणतो पार्ट मिळत नाही, साउंडबार घ्या. दुसरा कुणी हात लावणारा माहीत असेल तर कळवा.