आमची वाटचाल : वरच्या मजल्यावरची खिडकी

सांगलीत मारुती रोडवर १९८८ साली स्टुडिओ टाकला तेव्हा हाताशी एक याशिका कॅमेरा होता, १२० च्या रोलवर १२ फोटो देणारा, आणि १००० वॅटचे दोन हॅलोजन. लग्नं, मुंजी, पासपोर्ट करत वर्षं गेली. डिजिटल आलं, तेही शिकलो.

सांगायचं आहे ते २०१९ च्या ऑगस्टचं. कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ओसरल्यावर शटर उचललं, तर तिन्ही स्ट्रोबमधून, म्हणजे स्टुडिओच्या मोठ्या फ्लॅशमधून, गाळ निघाला. लाइटच्या छत्र्यांचं कापड कुजलेलं, लेन्सना बुरशी. ज्याला हाताला धरून लाइट लावायला शिकवलं, त्याच पोरानं महिनाभरात समोर दुकान थाटलं. चारी बाजूंनी एलईडी पॅनेल, आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "काकांचे फोटो काळे येतात." अरे, ती सावली आहे. एका गालावर सावली पडल्याशिवाय नाकाला उठाव येत नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं. ते बोलणं अजून लागतं.

दसऱ्यानंतर मिरजेचे एक तंबोरे करणारे कारागीर आपल्या तंबोऱ्याचा फोटो काढून घ्यायला आले. वीस वर्षांचं आमचं गिऱ्हाईक. म्हटलं, "दादा, लाइट नाहीत." ते म्हणाले, "वरची खिडकी तर आहे ना?"

खिडकी उत्तरेची. त्या दिवसांत तिथून ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. पॉलिश केलेला भोपळा म्हणजे आरसाच. पहिल्याच फोटोत खिडकीचे गज त्यावर उमटले. मग खिडकीवर मांजरपाट ताणून बांधला. गज गेले, भोपळ्यावर एकच लांब पांढरा पट्टा राहिला आणि गोलाई वर आली. दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोल धरून तो इंच-इंच मागे नेला, दांडीवरची नक्षी सुटी दिसेपर्यंत. प्रिंटवरच्या त्या पट्ट्यावरून दादांनी बोट फिरवलं. म्हणाले, "हा माझ्या हातचा भोपळा."

नव्या पोरांनी महागडे लाइट घेण्याआधी एकच दिवा चार फुटांवरून आठ फुटांवर नेऊन उजेड मोजायचा मीटर लावून बघावा. उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. सरळ दोन स्टॉप; उजेड एकदा निम्मा झाला की एक स्टॉप. आणि चेहऱ्यावर सावलीची कड टोचत असेल, तर लाइट लांब नेऊ नये, जवळ आणावा. बरेच जण नेमकं उलटं करतात.

आता दोन स्ट्रोब पुन्हा घेतलेत, पण तंबोऱ्यांचे फोटो वरच होतात. उद्या दादा तीन घेऊन येणार आहेत. मांजरपाट धुऊन वाळत घातलाय.