४२ दिवस उशिरा

मरोळच्या पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या मैदानावर मी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा माझ्याच निवड यादीतली मुले 'तेज चल'वर पाऊल मिळवून चालत होती आणि 'सावधान'मध्ये हाताचा अंगठा पँटच्या शिवणीवर नेमका कुठे टेकवायचा, हेही मला ठाऊक नव्हते. सत्र सुरू होऊन ४२ दिवस उलटले होते. मी आजारी नव्हतो, वैद्यकीय तपासणीत काही निघाले नव्हते आणि माझ्यावर कुठे साधी अदखलपात्र तक्रारसुद्धा नव्हती. माझ्या चारित्र्य पडताळणीचा कागद शहरातल्या एका पोलीस ठाण्यात पडून राहिला होता, एवढेच या उशिराचे कारण. आज मी वर्दीत आहे, तेव्हा आता हे कशाला उगाळतोस, असे दोघातिघांनी सुचवले. पण निवड होऊनही घरी बसून राहण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे त्याला हे उपयोगी पडेल, आणि खरे सांगायचे तर त्या दिवसांचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

५० गुणांची मैदानी चाचणी आणि १०० गुणांची लेखी परीक्षा यांविषयी भरपूर माहिती मिळते, आणि माझे ते दोन्ही टप्पे सुरळीत पार पडले. राज्यातल्या १७,४७१ पदांच्या पोलीस भरतीत २०२४च्या पावसाळ्यात माझी मैदानी चाचणी झाली. १६०० मीटर धावणे ५ मिनिटे १० सेकंदांत पूर्ण केले तरच पूर्ण २० गुण हाती येतात, म्हणून सराव नेहमी घड्याळ लावूनच करावा. कागदपत्र पडताळणी आणि वैद्यकीय तपासणीतही अडचण आली नाही.

अडचण सुरू झाली ती साक्षांकन नमुन्यापासून. निवड यादीत नाव लागल्यावर हा नमुना भरून द्यावा लागतो. त्यात कायमचा पत्ता, सध्याचा पत्ता, मागच्या पाच वर्षांत जिथे एक वर्षाहून अधिक काळ राहिलो ती ठिकाणे, शिक्षण, पूर्वीची नोकरी, अटक किंवा खटला झाला असल्यास त्याचा तपशील आणि आपल्याला ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावे लिहायची असतात. मग हे कागद पत्त्याप्रमाणे त्या त्या पोलीस ठाण्यात जातात, तिथला अंमलदार घरी येऊन शेजाऱ्यांकडे चौकशी करतो, ठाण्याचे अभिलेख तपासले जातात आणि अहवाल उलट वाटेने वर जातो.

माझा कायमचा पत्ता म्हणजे गिरणगावातली आमची चाळ. आजोबा गिरणीत होते तेव्हापासून आम्ही त्याच दहा बाय बाराच्या खोलीत राहत होतो. आधार कार्डावर, शिधापत्रिकेवर आणि माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तोच पत्ता आहे. पण चाळ पुनर्विकासाला गेली, आम्हाला भाडे देऊन बाहेर काढले आणि आम्ही भांडुपला भाड्याने राहायला आलो. मी नमुन्यात कायमचा पत्ता चाळीचा आणि सध्याचा पत्ता भांडुपचा लिहिला. दोन्ही पत्ते खरे होते, मात्र चाळ पाडली गेल्याचे मी कुठेही नमूद केले नाही, कारण तसे विचारणारा रकाना त्या नमुन्यात नव्हता.

भांडुपची चौकशी आठवड्याभरात झाली. चाळीच्या पत्त्यावर अंमलदार गेला तेव्हा तिथे निळ्या पत्र्याचे कुंपण आणि आत पाया खणणारे यंत्र होते. त्याने काय करायला हवे होते, हे मी आज वर्दीत असल्यामुळे नीट सांगू शकतो: मला एक फोन करायचा, माझे म्हणणे नोंदवायचे आणि जुन्या शेजाऱ्यांना बोलवायचे. माझा भ्रमणध्वनी क्रमांक त्याच कागदावर होता, तरीही मला कोणी फोन केला नाही.

यादीतली इतर मुले प्रशिक्षणाला निघून गेली आणि मी चाळीच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढू लागलो. कुरिअरच्या गोदामातली नोकरी मी यादी लागली त्याच दिवशी सोडली होती. आई डबे करते, त्यावर घर चालत होते. एकूण नऊ वेळा मी त्या ठाण्यात गेलो. एकदा संबंधित अंमलदार बंदोबस्ताला गेले होते, एकदा साप्ताहिक सुट्टीवर होते आणि एकदा न्यायालयात. चौथ्या खेपेला मला सांगण्यात आले की कागद वर पाठवला आहे. मी आयुक्तालयात चौकशी केली तेव्हा तिथे काहीच पोहोचलेले नव्हते. परत आलो, तर पुन्हा तेच उत्तर: पाठवला आहे, येईल. तीन आठवडे मी या दोन दारांमध्ये फिरत होतो. भांडुपच्या इमारतीत जिना चढताना कोणी 'काय रे, अजून गेला नाहीस?' असे विचारले की घरी येऊन कोणाशी बोलावेसे वाटत नसे. माझे काहीतरी जुने प्रकरण निघाले असावे, अशी कुजबुज सुरू झाल्याचे आईनेच मला एका रात्री सांगितले, आणि हे सांगताना तिने माझ्याकडे पाहिले नाही.

नवव्या खेपेला कामकाजाच्या टेबलावर एक महिला हवालदार होत्या. त्यांनी माझे बोलणे पूर्ण ऐकून घेतले आणि कोणालाही न विचारता सरळ बारनिशी, म्हणजे आवक-जावक कागदांची नोंदवही, उघडली. लाल कापडी पाठीची ती जाडजूड वही मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी बोटाने ओळी उतरत माझे नाव शोधले. आवक क्रमांक होता, तारीख होती, अंमलदाराची सही होती; जावकचा रकाना मात्र कोरा होता. कागद ठाण्यातून बाहेर पडलाच नव्हता. त्यांनी कपाटातले गठ्ठे काढले आणि भाडेकरूंच्या माहितीच्या अर्जांच्या गठ्ठ्यात माझा साक्षांकन नमुना सापडला. त्याच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले होते, 'पत्त्यावर इमारत नाही.' त्या तीन शब्दांवर माझी नोकरी इतके दिवस अडून होती.

"तुमच्या चाळीतली दोन जुनी माणसं आणू शकशील का, बाळा?" त्यांनी विचारले. मी त्याच संध्याकाळी फोन फिरवले. बेस्टमधून निवृत्त झालेले शेजारचे काका डोंबिवलीहून आले, खालच्या मजल्यावरच्या काकू विक्रोळीहून आल्या. नियोजित सोसायटीच्या सचिवांकडून मी जुन्या भाडेकरूंच्या यादीची प्रत आणि चाळ रिकामी केल्याचे पत्र घेतले. घरात जपून ठेवलेले जुने वीजबिलही जोडले. काकांनी जबाबात सांगितले की या मुलाला मी जन्मापासून ओळखतो. सही करताना त्यांचा हात थरथरत होता, म्हणून त्यांनी ती दोनदा पाहून घेतली. तिसऱ्या दिवशी अहवाल निघाला आणि बाईंनी जावक क्रमांक मला स्वतः कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिला. तो चिटोरा माझ्या पाकिटात अजून आहे.

यावरून माझे ठाम मत झाले आहे की 'पाठवला आहे' या शब्दांवर कोणीही घरी परत जाऊ नये. नम्रपणे, पण ठामपणे जावक क्रमांक आणि तारीख मागावी. तोंडी चकरा मारण्याऐवजी पहिल्याच आठवड्यात साधा लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच असलेला अर्ज गठ्ठ्यात सहसा दबून राहत नाही. कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे नस्ती, म्हणजे फाईल, सामान्यतः सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे २००५च्या राज्य अधिनियमात लिहिलेले आहे. लोक त्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. मला तो तेव्हा माहीत नव्हता. माहिती अधिकाराचा अर्ज करण्याचा सल्लाही काहींनी दिला होता, पण त्याची मुदत ३० दिवसांची असते आणि सत्र तोंडावर असताना तेवढा वेळ हातात नसतो.

प्रशिक्षणात मला कळले की असा मी एकटा नव्हतो. उशिरा दाखल झालेल्या पाच जणांची वेगळी तुकडी केली होती आणि त्यात बीड जिल्ह्यातला एक मुलगा होता, ज्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. गावातले ठाणे चौकशीला गेले तेव्हा घराला कुलूप होते, कारण सगळे कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत, राहत होते. ज्यांची घरे हलतात किंवा पडतात, त्या घरांतल्या मुलांनाच हा नमुना अडवतो, हे मला फार अन्यायाचे वाटते.

आमच्या तुकडीला दुपारी तासभर जादा कवायत होती. पहाटे पाचला उठून गणना, मग पीटी, कवायत, नाश्ता, आंतरवर्ग म्हणजे वर्गातले तास, पुन्हा मैदान आणि संध्याकाळची हजेरी असा दिवस जाई. तेज चलमध्ये मिनिटाला १२० पावले आणि प्रत्येक पाऊल ३० इंचांचे, हे वाचायला सोपे आहे. पण पायाला ती लांबी अंगवळणी पडायला मला तीन आठवडे लागले. आमचे उस्ताद मैदानावर चुन्याने रेघा आखत आणि आम्हाला त्यांवरून चालवत. टाच नेमकी रेघेवर पडली की ते काही बोलत नसत. त्यांचे गप्प राहणे हीच शाबासकी होती, आणि त्यासाठी आम्ही जीव तोडून मेहनत करत होतो. शस्त्र कवायत सुरू होईपर्यंत आम्ही पाचही जण मुख्य पलटणीत मिसळलो होतो. त्या दिवशी 'सलामी शस्त्र'ला माझी रायफल इतरांच्या बरोबरीने उठली, तेव्हा वाटलेला अभिमान मला लपवायचा नाही.

पावसाळ्यात मरोळला बूट वाळत नाहीत. दोन जोड असले तरी एक जोड कायम वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवावा, आणि पट्ट्याचे पितळी बक्कल रात्रीच ब्रासोने घासून कोरड्या फडक्यात गुंडाळावे, नाहीतर सकाळी त्यावर हिरवट डाग दिसतात आणि पूर्ण तुकडीला फेरी मारावी लागते. पायाला फोड आला तर सिक रिपोर्ट करायला लाजू नये; लपवलेला फोड पिकला की आठवडा वाया जातो.

आंतरवर्गात मात्र मी मागे पडलो नाही, कारण घरी अडकलेल्या दिवसांत मी नवे कायदे वाचून काढले होते. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. खुनाचे ३०२ आता १०३ झाले, चोरीचे ३७९ आता ३०३. ठाण्यातली जुनी माणसे बोलताना अजून जुनेच आकडे वापरतात, म्हणून दोन्ही पाठ असावेत. एका तासाला वर्गात नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९३ शिकवले. तपासाची प्रगती काय आहे, हे पोलिसांनी फिर्यादीला ९० दिवसांच्या आत कळवले पाहिजे, असे त्यात आहे. त्या ओळीखाली मी दोनदा रेघ मारली. आपला कागद कुठे आहे हे माणसाला कळण्याचा हक्क आहे, हे कोणीतरी कायद्यात लिहून ठेवले आहे याचे मला त्या दिवशी फार समाधान वाटले.

दीक्षांत संचलनाला आई आली होती आणि डोंबिवलीचे काकाही. टोपीवरचे 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' काकांनी जवळ येऊन मोठ्याने वाचले. माझ्या सेवेची तारीख रुजू झाल्या दिवसापासून धरली गेली आहे. २१,७०० रुपयांच्या मूळ वेतनाने आधीचे ४२ दिवस माझ्या घरी जे आले असते ते आले नाही, आणि ते आता येणारही नाही.

एक गोष्ट आधी सांगायची राहिली. साक्षांकन नमुन्यात काहीही लपवू नये. आमच्या पलटणीतल्या एकावर विसर्जन मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकावरून गुन्हा दाखल झाला होता; त्याने तो निकालाच्या प्रतीसह लिहिला आणि तो आमच्याआधी मैदानावर होता. माहिती दडवणे हे मूळ गुन्ह्याहून महागात पडू शकते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या अवतार सिंग निकालात या विषयाची सविस्तर चर्चा आहे. नमुना देण्यापूर्वी प्रत्येक पानाची छायाप्रत काढून ठेवावी. आणि राहते घर पाडले गेले असेल, तर रकाना असो वा नसो, पत्त्याच्या खाली स्वच्छ अक्षरात तसे लिहावे, तारीख टाकावी आणि दोन जुन्या शेजाऱ्यांचे फोन क्रमांक त्यांना विचारून तिथेच द्यावेत.