बाबांच्या छातीतली माहिती

रविवार, रात्र

बाबांच्या आयसीडीचा, म्हणजे ठोके बिघडले तर शॉक देऊन ते ताळ्यावर आणणाऱ्या छातीतल्या यंत्राचा, रिपोर्ट आज हाती आला. बॅटरी ठीक, लीड (यंत्रापासून हृदयापर्यंतची तार) ठीक. खाली एक बारीकशी नोंद: एका पहाटे ठोके एकदम वाढले आणि काही सेकंदांत आपोआप ताळ्यावर आले, शॉकची वेळ आली नाही. बाबांनी लगेच आपली वही काढली. चक्कर आली की ते तारीख-वेळ लिहून ठेवतात. त्याच दिवशी सकाळी 'उठताना भोवळ' असं लिहिलेलं होतं. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे माझ्या छातीतलं मलाच सगळ्यात शेवटी कळायचं?"

हे मला फार लागलं. यंत्र रात्री उशाजवळच्या मॉनिटरशी रेडिओवरून बोलतं, मॉनिटर ती माहिती कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो, तिथून ती डॉक्टरांकडे जाते. माझा कॉम्प्युटर त्याच खोलीत आहे, पण त्याला यातलं अवाक्षर कळत नाही.

कुणी बाहेरून यंत्रात घुसेल ही भीती खोटी नाही, हेही मला माहीत आहे. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत एका आयसीडीची माहिती रेडिओवरून वाचून दाखवली, सेटिंग बदलली, शॉकची आज्ञासुद्धा दिली. अगदी जवळून, पण दिली. २०१७ मध्ये तिथे सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांसाठी सुरक्षेचं अपडेट आलं, ते दवाखान्यात जाऊनच घ्यायचं होतं. त्या तीनेक मिनिटांत पेसमेकर मिनिटाला ६७ ठोक्यांच्या राखीव गतीवर चालायचा. असलं काम घरच्या कॉम्प्युटरवरून कुणी करावं असं मी कधीच म्हणणार नाही.

पण बाबांना सेटिंग बदलायचीच नाही, त्यांना फक्त वाचायचं आहे. या दोन गोष्टी एकाच कुलपात का कोंबायच्या? आज्ञा फक्त दवाखान्यातूनच जावी, वाचन मात्र रुग्णासाठी खुलं असावं. तेही जपूनच, कारण दर वेळी रेडिओ जागा झाला की बॅटरी खर्ची पडते आणि बॅटरी संपली की पुन्हा ऑपरेशन. म्हणून थेट यंत्राला छेडायला नको, रात्री मॉनिटरपर्यंत आलेल्या माहितीचीच एक प्रत घरी मिळाली तरी पुरे.

मधुमेही मुलांच्या आईवडिलांनी २०१३ च्या सुमाराला हेच केलं. मुलाच्या सेन्सरवरचे साखरेचे आकडे दूरवरून दिसावेत म्हणून त्यांनी स्वतः प्रोग्राम लिहिले, 'नाईटस्काउट' त्यातूनच उभं राहिलं. २०१५ मध्ये अमेरिकेत रुग्णांना शरीरात बसवलेल्या स्वतःच्या यंत्राची माहिती वाचण्यापुरती, डिजिटल कुलूप तोडायला मनाई करणाऱ्या कॉपीराइट कायद्यातून सूटही मिळाली.

पुढच्या तपासणीला बाबा वही घेऊन येणार आहेत. सगळ्या नोंदी तारीख-वेळेसकट फाईलमध्ये द्या, असं मी डॉक्टरांना लेखी मागणार आहे.